मुंबईची यादी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्या गोष्टी गुप्त राखता येत नाहीत, त्यांत 'अमका मुंबईला निघाला' ही बातमी पहिली. तिकीट हाती पडते न पडते तोच समोरच्या ओसरीवरून विचारणा होते, "काय भाऊ, मुंबईले चालले म्हणे?" ही नुसती प्रस्तावना. मूळ ग्रंथ चार घड्या घातलेल्या कागदाच्या रूपाने दिवेलागणीला घरी येतो. त्याला यादी म्हणतात.

गेली चाळीस वर्षे मी या याद्या वाहतो आहे. नोकरीत होतो तेव्हा वर्षातून दोनदा कामानिमित्त मुंबई घडे; आता मुलगी डोंबिवलीला दिलेली असल्यामुळे घडते. एवढ्या अनुभवावरून यादी देणाऱ्यांचे मी तीन वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग काटेकोर माणसांचा. हे लोक कागदाला सुईने दोरा टोचून देतात आणि 'याच रंगाचे अस्तर, सव्वादोन मीटर, पन्हा मोठा' असे बजावतात. यांचे काम सोपे; दोरा दाखवावा, अस्तर घ्यावे. दुसरा वर्ग उधार गिऱ्हाइकांचा. "घेऊन या, आल्यावर देतो," असे ते म्हणतात आणि आल्यावर रंग पसंत नसल्याचे सांगतात. तिसरा वर्ग विश्वास टाकणाऱ्यांचा. "तुमच्या पसंतीनं काहीबी आना," असे म्हणून ते पैसे हातावर ठेवतात. वाचकहो, या तिसऱ्या वर्गाला जपावे. कारण त्यांच्या 'काहीबी'मध्ये नेमके काय आहे, हे त्यांच्या मनात पक्के ठरलेले असते. आपल्याला ते ओळखून काढायचे असते.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना मुंबईच्या मालाचे एवढे वेड का, याचा विचार मी पुष्कळ वेळा गाडीत पडल्यापडल्या केला आहे. त्याची मुळे या लोखंडी रुळांतच आहेत. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमच्या जिल्ह्यातली स्थानके तिच्याच वाटेवरची. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरचा एक फाटा काढण्यात आला, तो कुणाच्या सहलीसाठी नव्हे, तर कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. खामगावचा कापूसबाजार तेव्हा वऱ्हाडात पहिल्या प्रतीचा होता. गाठी मुंबईला जात; काही बोटीत चढत, काही पुढे मुंबईतच उभ्या राहिलेल्या गिरण्यांत शिरत. आणि त्याच कापसाचे धोतर, लुगडे, चादर होऊन ती परत आमच्याकडे येई, अर्थात कापसाच्या कितीतरी पट भावाने. जी वस्तू आपल्याच शेतातून जाऊन मुंबईचे पाणी पिऊन परत येते, तिचा तोरा मोठा! आमच्या आजीला धोतराच्या पानावरचा गिरणीचा छाप वाचता येत नसे. पण छाप आहे की नाही, हे ती बोटाने चाचपून पाही.

शिवाय राज्यकारभाराचाही संबंध आहेच. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि सरकारदरबारी काम निघाले की नागपूर गाठावे लागे. त्या वर्षी आम्ही मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि मुंबई ही आमची हक्काची राजधानी झाली. हक्क मिळाला की खरेदी आलीच. माझे वडील त्या दिवसांत पहिल्यांदा मुंबईला गेले, ते ट्रामने हिंडून आले. १९६४ साली ट्राम बंद झाली, तेव्हा आपल्या खरेदीची कुणी वाट बंद करावी, तसे त्यांना वाटले होते. येताना त्यांनी माहीमचा हलवा आणला. पातळ कागदात एकेक पापुद्रा ठेवलेला तो पदार्थ आम्ही भावंडांनी कागद चाटून पुसून खाल्ला. मुंबई म्हणजे दोन कागदांच्या मध्ये असलेली काहीतरी गोड वस्तू, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

आता ज्यांना यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जायचे आहे आणि ज्यांच्या खिशात याद्या आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वाराची. बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूरला यावे, रात्री विदर्भ एक्सप्रेस धरावी आणि सकाळी बोरीबंदरला उतरावे, हा आमचा ठरलेला शिरस्ता. स्थानकाचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. पण आमच्या गावची जुनी माणसे अजून बोरीबंदरच म्हणतात. रविवारी मात्र उतरू नये. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या घाऊक कापडबाजारांना रविवारी टाळे असते. दादरची बरीच दुकाने सोमवारी बंद. चोरबाजारातली मटण स्ट्रीटची दुकाने शुक्रवारी बंद. पण त्याच दिवशी सकाळी तिथे रस्त्यावर जुन्यापुराण्या वस्तूंचा जुम्मा बाजार भरतो. म्हणजे सोम, शुक्र, रवी हे तीन वार ध्यानात ठेवले की निम्मी पायपीट वाचली. आणि अकराच्या आत बाजारात जाऊन उभे राहू नये. मुंबई पहाटे उठते असे म्हणतात ते खरे. पण तिचे कापडवाले सावकाश उठतात.

दुसरी गोष्ट वाटेची. बोरीबंदरहून उत्तरेला दहा मिनिटे चालले की क्रॉफर्ड मार्केट लागते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची ही इमारत १८६९ सालची. आज तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरची कोरीव चित्रे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुड्यार्ड किपलिंग यांच्या वडिलांची. त्या चित्रांत शेतकरी माणसे आहेत. आमच्यासारख्या शेतकरी मुलखातून आलेल्या माणसाने आत शिरण्यापूर्वी मिनिटभर वर मान करून ती पाहावीत. दारावर आपलीच माणसे उभी असल्यासारखे वाटून धीर येतो. फळे आणि सुका मेवा इथे घ्यावा. समोर रस्ता ओलांडला की गल्ल्यांचे जाळे सुरू होते. शेख मेमन रस्त्याने सरळ चालत राहावे. मंगळदास मार्केटात शिवायचे कापड, अस्तरे, ब्लाउजपीस. पुढे मुळजी जेठा मार्केटात घाऊक कापड. आणखी पुढे झवेरी बाजार आणि मुंबादेवीचे देऊळ. देवळाच्या पलीकडे भुलेश्वर, तिथे पूजेचे साहित्य आणि खोटे दागिने. तांब्यापितळेची भांडी हवी असतील तर तांबाकाटा, विजेच्या माळा आणि दिवे हवे असतील तर लोहार चाळ. हे सगळे एका पायी फेरीत होते. मात्र हातगाडीवाला "बाजू, बाजू" म्हणत आला की वाद न घालता भिंतीला लागावे. त्या गल्लीत खरा मालक तोच.

मसाल्यासाठी लालबागला जावे. तिथल्या मिरची गल्लीत मिरच्या, धने, खडा मसाला पारखून घ्यायचा आणि तिथेच कुटून घ्यायचा, अशी सोय आहे. आमच्या घरी वऱ्हाडी तिखटाचा अभिमान फार. तरी माझी बहीण दरवर्षी अर्धा किलो मालवणी मसाला मागवते आणि तो शेजारणींना आपलाच म्हणून देते. आणि दिवाळीच्या आधी जाणार असाल, तर माहीमची कंदील गल्ली पाहून या. रात्रीच्या वेळी तिथून चालताना आपण आकाशकंदिलाच्या आतूनच चाललो आहोत असा भास होतो. विकत घ्यायचा तर घडीचा घ्यावा. फुगीर कंदील गाडीच्या गर्दीत मलकापूरपर्यंत टिकत नाही.

तिसरी गोष्ट भावाची. आपल्या बोलीवरून आपण बाहेरगावचे आहोत हे मुंबईच्या दुकानदाराला पहिल्याच वाक्याला कळते. ते लपवण्याच्या खटपटीत पडू नये. मी तर सरळ म्हणतो, "राजेहो, बुलढाण्याहून आलो, नीट भाव सांगा." याने भाव उतरतोच असे नाही; पण मनुष्य हसतो आणि हसलेला दुकानदार दोन ठाण जास्त उलगडतो. 'एकच भाव' अशी पाटी असेल तिथे घासाघीस करू नये. पाटी नसेल तिथे केल्याशिवाय राहू नये. सकाळी बोहनीच्या वेळी घ्यायचे नसेल तर भाव विचारू नये. पहिले गिऱ्हाईक रिकामे गेले तर दुकानदाराला तो अपशकुन वाटतो आणि कुणाच्या दिवसाची सुरुवात आपण का बिघडवावी? कापड घेताना पन्हा विचारावा, ठाण उजेडात न्यावे, एक कोपरा ओल्या बोटाने चोळून रंग पाहावा. आणि 'खास मुंबईचे कापड' या शब्दांना भुलू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. आज त्या बाजारात सुरतेचे, भिवंडीचे, इचलकरंजीचे कापड येते. विकणारी मुंबई, विणणारे गाव दुसरेच. हे कळले म्हणजे छापाला चाचपणारी आमची आजी आठवते आणि जरा चुटपुटही लागते.

बंद पाकिटातल्या वस्तू तर मुंबईहून वाहून आणूच नयेत. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते. ती मलकापुरात तीच आणि मंगळदास मार्केटाच्या दारातही तीच. चुलतभावाने एकदा साबणाच्या बारा वड्या यादीत लिहिल्या होत्या. मी त्याला गावातल्याच दुकानातून आणून दिल्या. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "मुंबईचा वास निराळाच असते बरं!" मी त्याचा आनंद मोडला नाही.

पैसे दोन ठिकाणी ठेवावेत, कापडी पिशव्या घरूनच न्याव्यात. आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात सामान घेऊन लोकलमध्ये चढण्याचे साहस करू नये. त्या वेळी एखाद्या उडुप्याकडे इडली खात बसावे आणि खरेदी मोजून पाहावी.

चौथी गोष्ट मात्र अशा दोनचार वाक्यांत सांगून होण्यासारखी नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंनी मला यादी दिली. काकू म्हणजे विधवा बाई. लोकांच्या घरच्या लग्नांसाठी पापड, कुरडया, सरगुंडे करून त्यांनी दोन मुली वाढवल्या. थोरलीचे लग्न ठरले होते. रुमालाच्या गाठीत पंचवीस हजार रुपये बांधून त्या माझ्याकडे आल्या. यादीत तीनच ओळी होत्या: शालू एक, पैंजण आणि जोडवी, देवाचे ताम्हण आणि निरांजन चांदीचे. खाली, 'सगळे मुंबईचे'.

मी म्हटले, "काकू, चांदी मुंबईहून कशाला? खामगाव तासाभरावर आहे." खामगावला लोक रजतनगरी म्हणतात; तिथल्या चांदीच्या शुद्धतेचा लौकिक आमच्या मुलखाबाहेरही आहे. काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, जळगावची मानसं हायेत. थोरल्या जावेचं सारं मुंबईचं आलं व्हतं. माही पोर पहिल्याच दिवशी खाली मान घालून उभी राहाले नको."

या वाक्यापुढे रजतनगरीचा इतिहास काय कामाचा? मी गाठ न सोडता रुमाल बॅगेत ठेवला आणि निघालो. त्या रात्री गाडीत झोप आली नाही. स्वतःच्या पैशाने माणूस फसला तर तो घरी येऊन हसतो. हे पैसे पापडाच्या लाटीलाटीने जमलेले होते.

झवेरी बाजाराच्या आसपास पहिल्या दुकानात मला पैंजण दाखवले. वजन सांगितले, भाव सांगितला. पण पावतीचे नाव काढताच "पावती घेतली तर महाग पडेल" असे उत्तर मिळाले. मी नमस्कार करून बाहेर आलो. दुसऱ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी कुठून आलात विचारले. मी सांगितले. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "बुलढाणा? मग खामगाव तुमचेच ना? खामगाव सोडून चांदीला इथे का आलात?" मी त्यांना काकूंची गोष्ट सांगितली. त्यांनी पैंजणांचा डबा हलकेच मिटला. म्हणाले, "चांदीचा भाव इथे आणि तिथे जवळपास एकच. फरक घडणावळीचा, आणि जाण्यायेण्याचा. लग्नानंतर एखादी कडी तुटली, तर ती बाई दुरुस्तीला मुंबईला येणार आहे का? ज्याच्याकडे परत जाता येते, त्याच्याकडून दागिना घ्यावा." आपले गिऱ्हाईक आपल्या तोंडाने परत पाठवणारा माणूस मी मुंबईत पाहिला, तेव्हापासून मुंबई लुटते असे कुणी म्हटले की मी गप्प बसत नाही.

मग मी मुंबईत शालू तेवढा घेतला. दादरला तीन दुकाने फिरलो, मुलीच्या रंगाचा अंदाज डोळ्यांपुढे ठेवला आणि डाळिंबी रंगाचा, नाजूक काठाचा शालू निवडला. दुकानदाराला विनंती करून दुकानाचे नाव छापलेली दोन खोकी जास्तीची मागून घेतली. परत आल्यावर काकूंना सगळे जसेच्या तसे सांगितले, पावती दाखवली, उरलेले पैसे रुमालासकट हातावर ठेवले. त्या आधी हिरमुसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस. टी.ने खामगावला गेलो. काकूंनी स्वतः पैंजण हातात घेऊन वाजवून पाहिले, ताम्हण निरखले, घडणावळीवरून सराफाशी असे भांडल्या की मंगळदास मार्केटने धडा घ्यावा! वाचलेल्या पैशांत मुलीसाठी कुंकवाचा करंडाही झाला. खोकी मी पुढे केली, तेव्हा काकूंनी क्षणभर विचार केला. शालू मुंबईच्या खोक्यात ठेवला. चांदी मात्र खामगावच्या सराफाच्याच डबीत ठेवली. "इचारलं तर सांगीन खामगावची," त्या म्हणाल्या. "खोटं कायले सांगू?"

जळगावच्या मंडळींनी विचारले. काकूंनी सांगितले. मुलीच्या सासूबाई म्हणाल्या, "खामगावची चांदी? मग काही बघायलाच नको." हे मी मांडवात माझ्या कानांनी ऐकले. काकूंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या पंगतीला वाढत होत्या. पण त्या दिवशी माझ्या पानात सरगुंडे दोनदा पडले, आणि गूळही.

म्हणून चौथी गोष्ट अशी की, यादीतली वस्तू आणि यादी देणाराची गरज या दोन्ही गोष्टी जाण्याआधी विचारून घ्याव्यात. वस्तू कुठली घ्यावी हे त्यावरून ठरते. सोन्याच्या दागिन्यांवर १६ जून २०२१ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा केला आहे. दागिन्यावर मानक ब्यूरोचा शिक्का, शुद्धतेचा आकडा (बावीस कॅरटला ९१६) आणि सहा अक्षरआकड्यांची खूण असते. ती खूण फोनवर तपासता येते. दुकान मुंबईचे असो की मेहकरचे, ती पाहिल्याशिवाय आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुसऱ्याचा पैसा मोजू नये. आणि परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी हिशेब द्यावा, सुट्ट्या पैशांसकट. उशिरा दिलेला हिशेब खरा असला तरी शिळा लागतो.

आताशा याद्या कमी झाल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. फोनवर बोट ठेवले की चिखलीच्या पोराच्या दारात चौथ्या दिवशी खोके येऊन पडते. माझी नात मला म्हणते, "आजोबा, आता कशाला वाहता ओझी?" तिचे बरोबर आहे. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी एखाददुसरा कागद येतोच. त्यातल्या वस्तू बहुधा अशा असतात, की ज्यांचे नाव मागणाऱ्याला लिहिता येत नाही. 'त्या वेळी आणली होती तसली डबी', 'गुडघ्याला चोळायचे ते हिरव्या बाटलीतले', 'मास्तरांसाठी एखादे जुने पुस्तक, मोठ्या टायपाचे'. अशा मागणीला खोके येत नाही. तिथे माणूसच जावा लागतो.

आणि शेवटचे. सगळ्या याद्या पुऱ्या झाल्या, बॅगेची चेन कशीबशी लागली, गाडीला अजून तास आहे, अशा वेळी ज्याने काहीच मागितले नाही अशा एका माणसाचे नाव आठवून पाहावे. प्रत्येक घरात असे एक माणूस असते. आमच्या घरी ती आई होती. "तू सुखरूप ये, म्हंजे झालं," एवढीच तिची यादी. वडील तिच्यासाठी काय आणत, हे आम्हा मुलांना कधी कळले नाही. कारण ते तिच्या ट्रंकेत जाई. तिच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा तळाशी हलव्याचे रिकामे कागद निघाले. नीट सारखे करून, एकावर एक रचून ठेवलेले. मी मोजले, तेवीस होते.